वगळलेल्यांची यादी

भूलशास्त्रातला नवा शोधनिबंध हाती आला की निष्कर्ष मी शेवटी वाचते. आधी शोधते तो परिच्छेद, ज्यात कोणाकोणाला अभ्यासातून वगळलं ते सांगितलेलं असतं. तो तीनचार ओळींचा असतो आणि 'पद्धती'च्या पोटात दडलेला असतो. तोंड तीन सेंटिमीटरपेक्षा कमी उघडणारे, अतिलठ्ठ, गरोदर, पोट भरलेले, तातडीच्या शस्त्रक्रियेचे, मान मागे न झुकणारे, दात हलणारे, कधी कधी दाढीवालेसुद्धा. एवढे सगळे बाजूला काढल्यावर उरतो तो तरुण, सडपातळ, रात्रीपासून उपाशी आणि बत्तीस दात शाबूत असलेला माणूस. त्याच्या श्वासनलिकेत नळी घालायला कुठलंही यंत्र चालतं. १९४३ साली मॅकिन्टॉशने बनवलेलं वाकडं पातंही चालतं, आणि त्याच्या शंभरपट किमतीचं कॅमेऱ्याचं यंत्रही.

हा आदर्श रुग्ण गुरुग्रामच्या आमच्या ऑपरेशन थिएटरात, म्हणजे ओटीत, फार क्वचित येतो. सकाळची यादी काढा. पहिला, वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेसाठी आलेला सव्वाशे किलोचा व्यापारी. दुसरे, पटौदीकडचे ताऊ. आयुष्यभर हुक्का ओढलेले, छाती वाजते. तिसरे सरदारजी, छातीपर्यंत दाढी, त्यामुळे चेहऱ्यावर मास्क घट्ट बसत नाही. चौथी इराकहून आलेली बाई. दुभाष्या सोबत आहे, पण तो बाहेर फोनवर बोलतोय. पाचवा मानेसरच्या कारखान्यातला मजूर, हात यंत्रात सापडलेला, दोन तासांपूर्वी पोटभर जेवलेला. नोव्हेंबर असेल तर यादीतल्या निम्म्यांना खोकला आहेच, कारण बाहेर हवेचा निर्देशांक चारशेच्या वर गेलेला असतो. संशोधनाच्या कागदावर यांतला एकही जण बसत नाही.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. भूल देताना आम्ही माणसाला झोपवतो आणि मग बहुतेक मोठ्या शस्त्रक्रियांत स्नायू सैल करणारं औषध देतो. त्या क्षणी त्याचा स्वतःचा श्वास थांबतो. तिथून श्वासनलिकेत नळी जाऊन यंत्र सुरू होईपर्यंत तो माणूस आधी भरून घेतलेल्या ऑक्सिजनवर जगतो. सत्तर किलोच्या निरोगी माणसाला तीन मिनिटं शुद्ध ऑक्सिजन ओढायला लावला असेल, तर रक्तातला ऑक्सिजन ९० टक्क्यांवर घसरायला साधारण आठ मिनिटं लागतात. १२७ किलोच्या माणसाला तीन मिनिटंही मिळत नाहीत. १९९७ साली अमेरिकेतल्या बेनुमॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणिती प्रारूपावरून काढलेले हे आकडे प्रत्येक भूलतज्ज्ञाला पाठ असतात. आमच्या धंद्यातली सगळी घाई, सगळा शहाणपणा आणि बहुतेक सगळं संशोधन त्या आठ आणि तीन मिनिटांच्या मधल्या जागेत आहे.

मी शिकले नागपूरला. तिथे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून बनवलेला खर्रा पोरं कॉलेजात जायच्या आधीपासून खातात. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली. खर्ऱ्याची घोटणी काही थांबली नाही. सुपारीने गालाच्या आतलं अस्तर हळूहळू कडक होतं, त्यात पांढरे पट्टे येतात, बोट फिरवलं तर खाटेच्या ताणलेल्या सुंभासारखे लागतात. तोंड उघडणं कमी कमी होत जातं. चार बोटांचं तीन होतं, तीनाचं दोन, मग एक. मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशींनी १९५३ साली या आजाराचं वर्णन केलं आणि 'सबम्यूकस फायब्रोसिस' हे नाव रूढ झालं. जगाच्या पाठ्यपुस्तकांत तो एक कोपऱ्यातला आजार आहे. आमच्याकडे ओपीडीत रोज दिसायचा.

गुरुग्रामला आले तेव्हा वाटलं होतं, काचेच्या इमारतींच्या या गावात खर्रा मागे पडेल. नाव बदललं, माल तोच. २०१६ साली गुडगावचं गुरुग्राम झालं त्याच्या आधीपासून सायबर सिटीच्या पाठीमागच्या टपऱ्यांवर लटकणाऱ्या पुड्या मी बघत आले आहे. त्या घेणाऱ्यांत ट्रकवाले असतात, गार्ड असतात आणि गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवलेले पोरगेही असतात.

इथल्या रुग्णालयात मी संशोधनात पडले ती थोडी हौसेने आणि थोडी नाइलाजाने. डीएनबी ही पदव्युत्तर पदवी करणाऱ्या रेसिडेंटला थीसिस लागतो, थीसिसला गाईड लागतो. आणि आपल्याकडच्या भूलशास्त्राच्या थीसिसची एक ठरलेली जात आहे: अमुक यंत्र विरुद्ध तमुक यंत्र, तीस रुग्ण इकडे, तीस तिकडे. आय-जेल विरुद्ध प्रोसील ही घशात बसवायच्या साधनांची जोडी तर इतक्यांदा झुंजवून झाली आहे की त्या दोघांनाच कंटाळा आला असेल. असे अभ्यास करू नयेत असं मी म्हणत नाही. त्यातून पोरं शिकतात. पाकीट, घड्याळ आणि संमतिपत्र या तीन गोष्टी शिकतात, आणि त्या वाटतात तितक्या सोप्या नाहीत.

पाकिटाचं बघा. कुठल्या रुग्णाला कुठलं यंत्र, हे चिठ्ठीने ठरतं. चिठ्ठी बंद, अपारदर्शक, क्रमांक टाकलेल्या पाकिटात. रुग्ण टेबलावर आल्यावरच पाकीट फोडायचं. एका रेसिडेंटने मला अगदी सद्भावनेने विचारलं होतं, "मॅम, आदल्या दिवशी फोडलं तर चालेल ना? ट्रॉली लावून ठेवता येईल." ट्रॉली लागेल, पण उद्या अवघड गळा आणि नको असलेलं यंत्र यांची गाठ पडली, की तो रुग्ण 'सकाळी ताप होता' म्हणून अभ्यासातून बाहेर पडेल. लबाडी करायची म्हणून कोणी हे करत नाही. हाताला सोपी वाट सापडते एवढंच.

घड्याळाची गोष्ट आणखी मजेची आहे. नळी घालायला किती वेळ लागला, हे मोजायचं. पण वेळ सुरू कधी होतो? मास्क काढल्यावर, की पातं दातांच्या आत शिरल्यावर? संपतो कधी? नळी स्वररज्जूंच्या पलीकडे गेली असं डॉक्टर म्हणाला तेव्हा, की कॅप्नोग्राफच्या पडद्यावर कार्बन डायऑक्साइडची पहिली लाट उमटली तेव्हा? या दोन व्याख्यांत जेवढे सेकंद जातात, त्याहून कमी सेकंदांच्या फरकावर निबंधच्या निबंध उभे आहेत. घड्याळ धरणाऱ्या सिस्टरला कोणतं यंत्र चाललंय ते दिसतच असतं, ते लपवायची सोय नाही. वरिष्ठ डॉक्टर हात चालवत असेल तर तिचं बोट बटणावर थोडं लवकर पडतं, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. शेवटी 'नव्या यंत्राने चार सेकंद वाचले' असा निष्कर्ष येतो. ज्याच्याकडे आठ मिनिटं शिल्लक आहेत त्याचे चार सेकंद वाचवून आपण नेमकं काय मिळवलं, हे कोणी विचारत नाही.

तसा एक प्रश्न मला विचारला तो एका निवृत्त मुख्याध्यापिकेने.

मानवी चाचण्यांना मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीत डॉक्टर, कायद्याचा जाणकार आणि एक सामान्य नागरिक असावाच लागतो. आमच्या समितीत त्या बाई होत्या. कॅमेऱ्याची दोन यंत्रं आणि जुनं पातं यांच्या तुलनेचा प्रस्ताव मी मांडला. डॉक्टर मंडळींनी विमा, नमुन्याचा आकार, सीटीआरआयवरची नोंदणी असं विचारून घेतलं. भारतात चाचण्यांची ही सरकारी नोंदवही २००७ साली सुरू झाली आणि एप्रिल २०१८पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच तिच्यात नोंद व्हावी लागते, त्यामुळे तो प्रश्न ठरलेलाच. मग बाईंनी चष्मा पुसत हिंदीत विचारलं, "डॉक्टर साहिबा, जिनका मुँह खुलता ही नहीं, उन्हें आपने निकाल दिया. तो उनका जवाब कौन ढूँढेगा?"

मी म्हटलं, त्यांच्या सुरक्षिततेसाठी. ते खरंही होतं. यंत्र नवं असताना ते आधी सोप्या गळ्यावर वापरून बघायचं, यात विवेक आहे. पण ते यंत्र तेव्हा नवं राहिलेलं नव्हतं. त्यावर जगभर ढिगाने अभ्यास झाले होते. पहिल्या अभ्यासात वगळणं समजण्यासारखं आहे. पन्नासाव्यातही तोच परिच्छेद जसाच्या तसा उतरवला जातो, तेव्हा त्यात विवेकापेक्षा सोय जास्त असते. सोपे गळे घेतले की रुग्ण पटापट मिळतात, अपघात होत नाहीत, थीसिस वेळेत जमा होतो. समितीने प्रस्ताव मंजूर केला. बाईंचा प्रश्न इतिवृत्तात एका ओळीत आला आणि तिथेच राहिला. माझ्या डोक्यातून मात्र गेला नाही.

त्याच अभ्यासाच्या वेळी एक आजी भेटल्या. मुलगा इथे आयटीत, सोसायटीत सोळाव्या मजल्यावर घर, आजी अमरावतीकडच्या. पित्ताशय काढायचं होतं. हिंदी संमतिपत्र हातात घेऊन त्या मुलाकडे बघत होत्या, मुलगा फोनकडे. मी मराठीत बोलायला लागले तशा त्या खुलल्या. "मंग माह्यावर प्रयोग करून राह्यली का वं बाई तू?" मी म्हटलं, "हो आजी, पण तिन्ही यंत्रं रोजच्या वापरातलीच आहेत. तुम्हाला कुठलं वापरायचं ते चिठ्ठी ठरवेल. नको असेल तर नाही म्हणा, ऑपरेशन तसंच होईल." त्यांनी विचार केला, मुलाला विचारलं नाही, आणि म्हणाल्या, "कर मंग. कोणाच्या तरी कामी येईन. पण समोरचे दोन दात हालून राह्यले माये, तेवढे सांभाळजो." हलत्या दातांची नोंद आधीच्या तपासणीत कोणी केलेली नव्हती. नियमाप्रमाणे आजी बाद. त्यांना तसं सांगितल्यावर चेहरा उतरला. "म्हंजे माहं नाव काटलं?"

स्वतःहून हो म्हणणारे लोक मिळत नाहीत म्हणून आम्ही रडत असतो. आणि जी हो म्हणाली तिचं नाव काटलं.

ज्यांना वगळायचं ते आधी ओळखता येतात, हा समजही तसा कच्चाच आहे. जीभ बाहेर काढायला लावून पडजीभ किती दिसते यावरून गळा किती अवघड हे सांगण्याची परीक्षा जगभर वापरतात. ती बांधणारे मल्लमपती मूळचे आंध्रचे, अमेरिकेत स्थायिक झालेले. १९८५च्या त्यांच्या निबंधात २१० रुग्ण होते. साधी, फुकट, खाटेशेजारी होणारी परीक्षा. मीही रोज करते. पण २०१५ साली डेन्मार्कच्या संशोधकांनी १,८८,०६४ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. नळी घालणं प्रत्यक्षात अवघड गेलं अशा ३,३९१ जणांपैकी ९३ टक्क्यांच्या बाबतीत आधी कोणालाही शंका आली नव्हती. नव्वदाच्या वर टक्के! याचा अर्थ तपासणी करू नये असा नाही. अर्थ एवढाच की 'सोपा' असा शिक्का मारलेल्या गळ्यासमोरही दुसरी, तिसरी योजना तयार ठेवून उभं राहायचं. ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशनच्या २०१६च्या मार्गदर्शक सूचनांत पायरीपायरीने हेच आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉ. शीला मयात्रा त्या सूचनांच्या लेखकांत आहेत, आणि तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण रोज हाताळणाऱ्या रुग्णालयातून अशी माणसं पुढे यावीत यात नवल नाही.

अशा रुग्णांना आम्ही नळी कशी घालतो ते एकदा नीट सांगायला हवं, कारण बाहेरच्यांना ते माहीत नसतं आणि निबंधात ते एका वाक्यात उरकलेलं असतं.

रेवाडीकडचा ट्रकचालक, चाळिशीच्या आतला. गालाचा कर्करोग, जबड्यासकट काढायचा. तोंडात माझं एक बोट जेमतेम शिरत होतं. याला झोपवून स्नायू सैल करणं म्हणजे त्याचा श्वास बंद करून मग दार शोधत बसणं. म्हणून जागेपणी, नाकातून. आदल्या संध्याकाळी त्याला सगळं समजावून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मैडम, दर्द से नहीं डरता. दम घुटने से डर लगता है." मी सांगितलं, पूर्ण वेळ श्वास तूच घेणार आहेस, मी फक्त रस्ता बघणार.

सकाळी तोंड कोरडं करणारं इंजेक्शन, नाकपुड्यांत थेंब, मग घसा बधिर करणाऱ्या लिग्नोकेनची वाफ. ती कडू लागते, घसा जड होतो, थुंकी गिळल्यासारखी वाटत नाही. हे आधी सांगितलं नाही तर माणूस तिथेच घाबरतो. डेक्समेडिटोमिडीन दहा मिनिटांत हळूहळू, म्हणजे गुंगी येईल पण हाक मारली की डोळे उघडेल. दुसऱ्या नाकपुडीत ऑक्सिजन. पेन्सिलीहून बारीक कॅमेऱ्याची दोरी, तिच्यावर आधीच ओवलेली नळी. पडद्यावर नाकाची गुलाबी गुहा, मग घशाची मागची भिंत, मग श्वासनलिकेवरची झाकणी, आणि तिच्याखाली दर श्वासाला उघडमीट करणारे दोन पांढरे पट्टे. "लंबी साँस लो भाई." पट्टे उघडले. त्यांच्यावर लिग्नोकेन सोडल्याबरोबर तो जोरात खोकला, पडदा धूसर झाला. थांबायचं. इथे थांबता येणं हीच कला आहे. पुन्हा स्वच्छ झालं, पुन्हा लंबी साँस, आणि दोरी आत. श्वासनलिकेच्या कड्या दिसल्या, खाली ती दोन वाटांत फुटते तो कणा दिसला. मग नळी दोरीवरून सरकवत आत नेली. तो काही बोलायला गेला आणि आवाज आला नाही. नळी जिथे हवी तिथे असल्याची ही पहिली खूण. दुसरी खूण मॉनिटरवर: कार्बन डायऑक्साइडच्या लाटा, एक, दोन, तीन, सात. त्याने माझं मनगट पकडलं होतं ते सोडलं. मग झोपेचं औषध.

या सगळ्याला अर्धा तास लागला असेल. घड्याळ कोणी लावलं नव्हतं.

दुर्बिणीने नळी घालण्याची वाट १९६७ साली इंग्लंडच्या मर्फींनी दाखवली. पित्तनलिका बघायची दुर्बीण त्यांनी नाकातून श्वासनलिकेत नेली होती. तोंड न उघडणाऱ्यांवर आपल्याकडे अभ्यास होतात ते मुख्यतः याच पद्धतीवर, गुंगीसाठी हे औषध बरं की ते. ते कामाचे आहेत. पण लहान गावात जिथे ही दोरी नाही, किंवा आहे पण ती हाताळणारा हात नाही, तिथे काय करायचं, तिथला दोन बोटं तोंड उघडणारा रुग्ण कॅमेऱ्याच्या पात्याने सुखरूप निभावतो का, कोणाला निभावत नाही, हे प्रश्न उघडेच आहेत. ते विचारायला सुपारी खाणाऱ्या देशाइतकी योग्य जागा नाही. जपान किंवा डेन्मार्क ते विचारणार नाहीत. त्यांना गरज नाही.

भूलशास्त्रातलं मोठं संशोधन आपल्या भूमीवर झालंच नाही असं नाही. हैदराबादच्या निजामाच्या राज्यात, म्हणजे आपला मराठवाडाही ज्या राज्यात होता तिथे, १८८८ आणि १८८९ साली क्लोरोफॉर्म आयोग बसले. सर्जन एडवर्ड लॉरी यांचा आग्रह होता की क्लोरोफॉर्मने माणूस मरतो तो श्वास बंद पडून, हृदय बंद पडून नव्हे. तेव्हा नाडी धरून बसू नका, श्वासाकडे बघा. दुसऱ्या आयोगासाठी निजामाने 'लॅन्सेट'ला एक हजार पौंड देऊ केले, लंडनहून लॉडर ब्रंटन आले, शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. निष्कर्ष लॉरींच्या बाजूने लागला. श्वासाकडे बघा हा सल्ला लाखमोलाचा, आजही तोच देते. पण हृदयाला धोका नाही हे चूक होतं. १९११ साली गुडमन लेव्हींनी मांजरांवर दाखवून दिलं की अर्धवट भुलेत, अॅड्रेनालिन वाढलेलं असताना, क्लोरोफॉर्मने हृदयाची लय बिघडून मृत्यू येतो. म्हणजे टेबलावर घाबरून चढलेला, हातपाय झाडणारा माणूस. हैदराबादच्या प्रयोगांत हा घाबरलेला माणूस नव्हता. तेव्हा तसं कोणी त्याला मुद्दाम वगळलं नसेल. पण तो नव्हता, आणि निष्कर्ष सगळ्यांना लागू केला गेला.

आमच्या शाखेची आणखी एक बाजू आहे, ती झाकून काही उपयोग नाही. जपानचे योशिताका फुजी यांचे १७२ निबंध बनावट असल्याचं २०१२ साली तिथल्याच भूलतज्ज्ञ संघटनेच्या चौकशीत निघालं. इंग्लंडच्या जॉन कार्लाइल यांनी फुजींचे आकडे सांख्यिकीने उघडे पाडले होते. योगायोगाने इतके नीटनेटके आकडे येतच नाहीत. त्याच कार्लाइलनी २०२१ साली 'अॅनेस्थेशिया' या नियतकालिकाकडे आलेल्या ५२६ चाचण्या तपासल्या. जिथे प्रत्येक रुग्णाची मूळ आकडेवारी हाती आली अशा १५३ चाचण्यांपैकी ४४ टक्क्यांत त्यांना खोटे आकडे सापडले. त्यात आपल्या देशातून आलेल्याही होत्या. हे वाचल्यावर मी रेसिडेंटना एक नियम घातला: मूळ कागद, शाईने भरलेला, खाडाखोडीसकट, माझ्या कपाटात. संगणकातली सुबक तक्ता-वही नंतर. खाडाखोड नसलेला कागद दिसला की मला झोप लागत नाही.

मग चांगलं संशोधन कसं असतं? मला आवडणारे अभ्यास मोठ्या यंत्रांचे नाहीत. १९६१ साली सेलिक यांनी २६ रुग्णांच्या अनुभवावरून सांगितलं की भूल देताना गळ्याची एक विशिष्ट कडी दाबून धरली तर पोटातलं वर येऊन फुप्फुसात जात नाही. अर्धं शतक सगळ्या जगाने ती दाबली, मीही दाबली, न दाबणाऱ्या ज्युनियरला बोलणी बसली. मग फ्रान्समध्ये ३,४७२ रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांत खरोखर दाबलं, निम्म्यांत दाबल्याचं नाटक केलं. फुप्फुसात जाण्याचं प्रमाण दाबलेल्यांत ०.६ टक्के, नाटकवाल्यांत ०.५. सांख्यिकीच्या कडक निकषावर 'दाबलं नाही तरी चालतं' हे सिद्ध झालं नाही, हेही त्यांनी सरळ लिहिलं. मला यात भावतं ते हे की त्यांनी नेमके तेच रुग्ण घेतले, ज्यांना आपण वगळतो: पोट भरलेले, तातडीचे.

किंवा क्लीव्हलँडची चाचणी, २०२४ साली आलेली. तिथे एकेका रुग्णाचं पाकीट नव्हतं. ओटींच्या एका गटाला आठवडाभर कॅमेऱ्याचं यंत्र, दुसऱ्याला जुनं पातं, पुढच्या आठवड्यात पुन्हा चिठ्ठी. ७,७३६ रुग्ण. एकापेक्षा जास्त प्रयत्न लागण्याचं प्रमाण जुन्या पात्याने ७.६ टक्के आणि कॅमेऱ्याने १.७. सेकंदांचा घोळच नाही. पहिल्यांदा जमलं की नाही, एवढाच प्रश्न. आणि ब्रिटनची २०११ची मोठी नोंद: वर्षभरात देशात कुठेही गळ्याच्या बाबतीत गंभीर अपघात झाला की कळवायचा, कोणाचंही नाव न घेता. १८४ प्रकरणं जमली. त्यातून सगळ्यात ठळक बाहेर आलं ते हे की अतिदक्षता विभागात कार्बन डायऑक्साइडची ती लाट बघायची सोय नव्हती किंवा तिकडे कोणी बघितलं नाही, आणि माणसं त्यामुळे गेली. लाट नसेल तर नळी चुकीच्या जागी आहे, असं धरून चाला. हे कळायला नवं यंत्र लागलं नाही. कोणालाही न वगळता मोजावं लागलं.

कोविडमध्ये हे सगळं पालथं पडलं. २०२०च्या उन्हाळ्यात कोणीतरी अॅक्रिलिकची पारदर्शक पेटी आणून दिली, रुग्णाच्या डोक्यावर ठेवून भोकांतून हात घालायचे. त्यावेळी फोटो छान निघाले. ऑस्ट्रेलियातल्या एका छोट्या अभ्यासाने दाखवलं की पेटीने वेळ वाढतो आणि अंगरख्याच्या बाह्या फाटतात, आणि पेट्या गोदामात गेल्या. एप्रिल २०२१मध्ये दिल्लीच्या आसपास ऑक्सिजनच नव्हता तेव्हा संशोधन वगैरे शब्द कोणाच्या तोंडी नव्हते.

आता गुरुग्रामच्या यादीत नवी माणसं आली आहेत: वजन उतरवणारी आठवड्याची सुई घेणारी. या औषधांनी जठर रिकामं व्हायला वेळ लागतो, त्यामुळे रात्रीपासून उपाशी असलेल्याच्या पोटातही सकाळी अन्न सापडू शकतं. सोनोग्राफीचा प्रोब पोटावर ठेवून बघावं लागतं. सुई चालू असल्याचं अनेकजण सांगत नाहीत, कधी कधी नवऱ्याला किंवा बायकोलाही माहीत नसतं. आणि परवा एका रेसिडेंटच्या नव्या प्रस्तावात मला वगळण्याच्या परिच्छेदात ताजी ओळ दिसली: ही औषधं घेणारे रुग्ण घेऊ नयेत. मी ती खोडली. रेसिडेंट वाद घालायला आली, बरं वाटलं.

सध्या आमच्याकडे दोन गोष्टी चालू आहेत. एक, तपासणीच्या फॉर्मवर शेवटी एक रकाना वाढवला आहे: अभ्यासातून बाहेर काढलं असल्यास का, आणि त्या रुग्णाला पुढे कोणत्या पद्धतीने नळी घातली, कितव्या प्रयत्नात. रेसिडेंट कुरकुरतात, कारण घेतलेल्यांपेक्षा वगळलेल्यांचे फॉर्म जास्त भरावे लागतात. दुसरी, हरयाणाच्याच एका मुलीला दोन बोटांपेक्षा कमी तोंड उघडणाऱ्यांवर थीसिस करायचा आहे. दुर्बिणीची दोरी तयार ठेवून, माणूस जागा असताना, कॅमेऱ्याच्या बारीक पात्याने आधी नुसतं डोकावून बघायचं, अशी तिची कल्पना आहे. सांख्यिकी बघणाऱ्याने आकडेमोड करून सांगितलं की पुरेसे रुग्ण जमायला तीन वर्षं लागतील. तिच्या हातात आहेत दीड. मी नागपूरच्या एका वर्गमित्राला फोन लावला आहे. तिकडून निम्मे रुग्ण मिळतील म्हणतो. दोन रुग्णालयं म्हणजे दोन समित्या, दोन विमे, दोन करार. मुख्याध्यापिकाबाईंची मुदत संपली, समितीत आता दुसरे एक गृहस्थ आहेत. प्रस्ताव पुढच्या बैठकीत आहे आणि वगळण्याच्या परिच्छेदात अजून तीन ओळी आहेत, त्यातली एक तरी काढता येईल का यावर आमचं भांडण चालू आहे.